पाळीत पोट दुखायलंय? घरचे उपाय कोणते, अन् दवाखाना कधी गाठायचा?

नांदेड/लातूर : "पोट दुखायलंय, आज क्लासला येत नाही." लातूरच्या होस्टेलपासून कंधार, मुखेड, निलंग्याच्या शाळांपर्यंत मुली दर महिन्याला हे सांगतात. घरी उत्तर ठरलेलं असतं, "सगळ्यांनाच होतं, सहन कर." पण हे दुखणं खरं असतं आणि त्यावर उपायही आहेत.

कशामुळं दुखतं?
पाळीच्या वेळी गर्भाशयाच्या अस्तरातून प्रोस्टाग्लँडिन नावाचे घटक सुटतात. त्यामुळं गर्भाशय आवळतं अन् ओटीपोट, कंबर, मांड्यांत कळा येतात. काहींना मळमळ, जुलाबही होतात. हा त्रास बहुधा पहिले एक ते तीन दिवस राहतो.

घरचे उपाय
शेक : सर्वांत सोपा आणि भरवशाचा. गरम पाण्याची पिशवी किंवा बाटली टॉवेलात गुंडाळून 15-20 मिनिटं ओटीपोटावर ठेवावी. ती तशीच ठेवून झोपू नये, कातडी भाजते.

सुंठ : अभ्यासांमध्ये पाळीच्या पहिल्या तीन-चार दिवसांत रोज 750 ते 2000 मिलिग्रॅम सुंठ पावडर दिल्यावर दुखणं कमी झाल्याचं दिसलं. साधारण अर्धा चमचा पावडर दिवसभरात विभागून, कोमट पाण्यातून घेता येते. पित्ताचा त्रास असलेल्यांनी जपून घ्यावी. रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर डॉक्टरांना विचारावं.

ओवा, बडीशेप : पोट फुगलं असेल तर उकळून गाळलेलं पाणी घोट-घोट प्यावं. बडीशेपेवर काही छोटे अभ्यास आहेत. ओव्याचा आधार मुख्यतः आजीच्या अनुभवाचा.

तीळ-गूळ : खायला हरकत नाही. पण रक्त कमी असेल तर नुसत्या गुळावर भागत नाही, तपासणी करून लोहाच्या गोळ्या घ्याव्या लागतात.

अशोकाची साल : इथं मोठी गल्लत होते. शाळेच्या, बंगल्याच्या कडेला सरळ उंच वाढणारं झाड औषधी अशोक नव्हे. औषधात वापरतात तो सीताअशोक वेगळा. त्यामुळं साल तोडून काढा करू नये, वैद्यांना विचारावं.

गोळी घेतली तर?
मेफेनॅमिक ॲसिड, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या जेवणानंतर, डॉक्टरांच्या सल्ल्यानं घ्याव्यात. अल्सर, दमा किंवा किडनीचा आजार असेल तर आधी सांगावं. "गोळीनं पुढं लेकरू होत नाही" ही भीती खोटी आहे.

दवाखाना कधी?
तासा-दोन तासाला पॅड भिजत असेल, रक्तस्राव सात दिवसांपेक्षा जास्त चालत असेल, दुखणं महिन्यागणिक वाढत असेल, पाळी नसतानाही दुखत असेल, ताप किंवा घाण वासाचा स्राव असेल, तर काढ्यावर थांबू नये. पाळी चुकून जोरात पोट दुखलं तर त्याच दिवशी दाखवावं. सल्ल्यासाठी 104 हा आरोग्य क्रमांक आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात, तसंच नांदेड व लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत स्त्रीरोगाची तपासणी होते.

दुखणं अंगावर काढण्याची किंमत मराठवाड्यानं पाहिली आहे. शेजारच्या बीड जिल्ह्यात ऊसतोड महिलांच्या पिशव्या मोठ्या संख्येनं काढल्याचं 2019 मध्ये समोर आलं अन् राज्य सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. "पिशवीच काढून टाका" असं कुणी सांगितलं, तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेतल्याशिवाय होकार देऊ नये. अन् पोरगी दुखतंय म्हणाली, तर आईनं आधी ऐकून घ्यावं.