तळोद्यातली तेलाची वाटी आणि सेवाग्रामची मालिश

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा भाग लिहून देतोय. बोलताना जसं बोललो तसंच ठेवलंय, थोडी साफसफाई केलीय.

आजचा विषय आहे मालिश. स्पा आणि डिस्काउंट कूपनवाली नाही. १९३९ साली वर्ध्याजवळ सुरू झालेली एक मालिश. पण सुरुवात माझ्या घरापासून, तळोद्यापासून करतो.

दिवाळीच्या पहाटे आजी आम्हा पोरांना रांगेत बसवायची आणि तेल चोळायची. थंडी अशी की दात वाजायचे, पण तिचा हात पाठीवरून फिरला की झोप यायची. त्याच वेळी ओट्यावर वडिलांचे मामा बसलेले असायचे. आमचे मामाआजोबा. त्यांच्या हातावर चट्टे होते, दोन बोटं आखडलेली. विडी बोटापर्यंत जळत यायची तरी त्यांना कळायचं नाही. म्हातारी माणसं हळू आवाजात म्हणायची, 'रक्तपिती आहे.' आजी त्यांच्यासाठी तेलाची वाटी उंबऱ्यापाशी ठेवायची. ते स्वतःच्या हातानं तेल लावून घ्यायचे. पाठीला हात पोचायचा नाही, मग पाठ तशीच राहायची. दर दिवाळीला मी हे बघत होतो आणि मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

आता सेवाग्रामला जाऊ.

परचुरे शास्त्री हे संस्कृतचे मोठे पंडित. स्वातंत्र्यलढ्यात ते येरवड्याच्या तुरुंगात गेले, गांधीजीही तिथेच होते. शास्त्रींना कुष्ठरोग झाला होता. त्या काळात याचा अर्थ काय, ते लक्षात घ्या. १८९८ चा इंग्रजांचा कायदा होता. रस्त्यावर भीक मागणाऱ्या कुष्ठरोग्याला पोलीस वॉरंटशिवाय पकडून आश्रयगृहात टाकू शकायचे. हा कायदा आपल्या देशात पूर्णपणे रद्द व्हायला २०१६ साल उजाडलं. औषध म्हणाल तर चालमोगऱ्याचं तेल टोचायचे, त्यानं फारसा फरक पडत नसे. जन्मानं ब्राह्मण, विद्येनं शास्त्री असा माणूस एका रोगामुळे अस्पृश्य झाला.

१९३९ मध्ये शास्त्री सेवाग्राम आश्रमात आले. आता दुसरीकडे कुठे जायचं, हा प्रश्न होता. गांधीजींपुढेही पेच होता. आश्रमात बायका होत्या, मुलं होती, आणि रोग लागण्याची भीती अगदीच खोटी नव्हती. त्यांनी आश्रमातल्या लोकांशी बोलून शास्त्रींना ठेवून घेतलं. जवळच एक झोपडी बांधून दिली. सेवाग्रामला गेलात तर 'परचुरे कुटी' आजही बघायला मिळते. मग गांधीजी रोज त्या झोपडीत जायचे, जखमा बघायचे आणि शास्त्रींच्या अंगाला मालिश करायचे. त्याचा फोटो प्रसिद्ध आहे. तुम्ही कुठेतरी पाहिलाही असेल.

आपल्याकडे मालिश हे काम कुणाचं? न्हाव्याचं, सुईणीचं. ज्यांच्या हातांनी बाळंतिणी सावरल्या, त्यांनाच आपण जातीच्या उतरंडीत खाली बसवलं. तिथे देशाचा सगळ्यात मोठा पुढारी रोज सकाळी हे काम करत होता.

आता इंजिनिअर म्हणून मला पडलेला प्रश्न. या मालिशनं नेमकं काय झालं?

२०२१ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पटापुटियन यांना मिळालं. उष्णता आणि दाब शरीराला कसे कळतात, हे त्यांनी शोधलं. आपल्या कातडीत काही मज्जातंतू असे असतात की सेकंदाला १ ते १० सेंटिमीटर, म्हणजे आईनं डोक्यावरून हात फिरवावा तेवढ्या हळू स्पर्शाला ते सगळ्यात जास्त प्रतिसाद देतात. कुठे हात लागला हे सांगणारे तंतू वेगळे. हे तंतू बरं वाटण्याशी जोडलेले आहेत. आजीच्या हातानं झोप का यायची, त्याचं थोडंफार उत्तर इथे मिळतं.

पण गंमत पुढे आहे. कुष्ठरोगाचे जंतू त्याच मज्जातंतूंवर हल्ला करतात. चट्टा बधिर होतो. म्हणजे गांधीजींचा हात जिथे जिथे बधिर कातडीवर फिरला असेल, तिथे तो शास्त्रींना नीट जाणवलाही नसेल. सिग्नल जायची वायरच तुटलेली. मग उपयोग काय?

मला वाटतं, शास्त्री ते बघत होते, आणि आश्रमातले बाकीचेही बघत होते. कातडीला न कळणारा स्पर्श माणसाला कळत होता. मालिशनं रोग बरा झाला नाही, असा दावा कुणी करूही नये. शास्त्री पुढे वर्ध्याजवळच्या दत्तपूरला गेले. मनोहरजी दिवाण यांनी १९३६ मध्ये सुरू केलेलं कुष्ठधाम तिथे होतं. १९४५ मध्ये ते तिथेच वारले. पण वाळीत टाकल्याची जी जखम असते, तिच्यावर त्या काळात दुसरं कुठलं औषध नव्हतं. गांधीजींच्या रचनात्मक कार्यक्रमाच्या १८ कलमांत कुष्ठरोग्यांचंही एक कलम आहे, आणि त्यांच्या स्मृतिदिनी, ३० जानेवारीला, आपल्याकडे कुष्ठरोगविरोधी दिन पाळतात.

आज परिस्थिती वेगळी आहे. १९८० च्या दशकापासून बहुविध औषधोपचार आहे. ६ किंवा १२ महिन्यांच्या गोळ्या, सरकारी दवाखान्यात फुकट. गोळ्या सुरू झाल्या की रुग्णापासून दुसऱ्याला लागण होण्याची भीती लवकरच संपते. बहुतेक माणसांमध्ये या जंतूंशी लढण्याची ताकद मुळातच असते. आणि बधिर हातापायांसाठी डॉक्टर आजही काय सांगतात? रोज पाण्यात भिजवा, तेल लावा, जखम झालीय का ते बघा.

मामाआजोबांच्या गोळ्या मी कॉलेजात असतानाच पूर्ण झाल्या होत्या. ते बरे झाले होते. वाटी मात्र उंबऱ्यापाशीच राहिली होती. घरात कुणी वाईट नव्हतं, फक्त सवय कुणी मोडली नव्हती.

गेल्या दिवाळीत हा भाग लिहायला घेतला होता म्हणून असेल, मी ती वाटी उचलली आणि त्यांच्या मागे जाऊन बसलो. खरं सांगतो, पहिल्यांदा पाठीला हात लावताना माझा हात थबकला. सगळं वाचलेलं होतं, तरीही थबकला. मग मी चोळायला लागलो. थोड्या वेळानं ते म्हणाले, "अरे, जरा जोर लाव ना भाऊ. लॅपटॉपवर टाईप करतोस का?"

नंतर त्यांचा आखडलेला हात मी हातात घेतला, तेव्हा ते बोलले नाहीत. त्या हाताला काही जाणवत नाही, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. ते माझ्या हाताकडे बघत राहिले. आजी दारात उभी होती. ती आत गेली आणि गरम पाणी घेऊन आली. या वेळी तिनं बादली ओट्यावर न ठेवता आत, मोरीत ठेवली.

तर मंडळी, अंगावर बधिर चट्टा दिसला, स्वतःच्या किंवा कुणाच्याही, तर लाजू नका, जवळच्या सरकारी दवाखान्यात दाखवा. आणि तुमच्या घरात अशी एखादी उंबऱ्यावरची वाटी असेल, तर यंदा ती उचला. भेटू पुढच्या भागात.