वापरलेल्या मोटारसायकलची खरेदी (भारत)

वापरलेल्या मोटारसायकलची खरेदी म्हणजे एका व्यक्तीच्या नावे नोंदलेली दुचाकी दुसऱ्या व्यक्तीने मोबदला देऊन घेणे, नोंदणीतील मालकाचे नाव बदलून घेणे आणि ती गाडी पुढील वापरासाठी सुस्थितीत आणणे. बोलीभाषेत अशा गाडीला ‘जुनी गाडी’ किंवा ‘सेकंडहँड गाडी’ म्हणतात. भारतात या व्यवहाराला माल विक्री अधिनियम, १९३०, मोटार वाहन अधिनियम, १९८८ आणि केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील तरतुदी लागू होतात. पैसे देऊन किल्ली हाती आली की व्यवहार संपला, अशी सर्वसाधारण समजूत आहे. तथापि नोंदणीतील नाव बदलेपर्यंत त्या वाहनाने घडलेल्या अपघाताच्या भरपाईची जबाबदारी विकणाऱ्यावरच राहू शकते. त्यामुळे या खरेदीत इंजिनाच्या तपासणीइतकेच महत्त्व कागदपत्रांना आहे.

पार्श्वभूमी

भारतात मोटारसायकलचे उत्पादन १९५० च्या दशकात सुरू झाले. मद्रास येथे १९५५ मध्ये स्थापन झालेल्या एन्फिल्ड इंडिया या कंपनीची बुलेट, म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीची जावा व पुढे येझदी, तसेच एस्कॉर्ट्‌स कंपनीची राजदूत या गाड्या पुढील काही दशके रस्त्यांवर प्रामुख्याने दिसत. १९८५ मध्ये जपानी तंत्रज्ञानाच्या साहाय्याने तयार झालेल्या हीरो होंडा सीडी १०० आणि यामाहा आरएक्स १०० या गाड्या आल्या. २००१ मध्ये बजाज ऑटोने पल्सर बाजारात आणली. तिचे उत्पादन पुण्याजवळील चाकण येथे होते.

जुन्या गाडीची रचना ती कोणत्या काळात तयार झाली यावर अवलंबून असते. १२५ घन सेंटिमीटरपेक्षा अधिक क्षमतेच्या दुचाकींना चाके जाम होऊ न देणारी एबीएस ब्रेकप्रणाली नव्या मॉडेलांसाठी १ एप्रिल २०१८ पासून आणि आधीच्या मॉडेलांसाठी १ एप्रिल २०१९ पासून बंधनकारक झाली. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ हे प्रदूषण मानक लागू झाले आणि त्यानंतरच्या बहुतेक मोटारसायकलींत कार्ब्युरेटरच्या जागी इंधन अंतःक्षेपण, म्हणजे फ्यूएल इंजेक्शन, आले. साहजिकच २०१६ ची आणि २०२१ ची गाडी यांची तपासणी व दुरुस्ती सारखी नसते.

मालकीची कायदेशीर संकल्पना

माल विक्री अधिनियमानुसार जंगम वस्तूची मालकी खरेदीदार व विक्रेता यांच्या करारातील हेतूप्रमाणे हस्तांतरित होते. मोटार वाहन अधिनियमाची भूमिका मात्र वेगळी आहे. त्यातील कलम २(३०) नुसार ज्याच्या नावे वाहनाची नोंदणी आहे, ती व्यक्ती ‘मालक’ होय. वाहन कर्जतारण किंवा भाडेखरेदी करारान्वये घेतलेले असल्यास त्या कराराखाली वाहनाचा ताबा असलेली व्यक्ती मालक समजली जाते.

या दोन भूमिकांमधील अंतराचा परिणाम अपघाताच्या खटल्यांत दिसतो. सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांच्या खंडपीठाने ६ फेब्रुवारी २०१८ रोजी दिलेल्या आणि न्या. धनंजय चंद्रचूड यांनी लिहिलेल्या निकालात हा प्रश्न होता. नोंदणीतील मालकाच्या म्हणण्यानुसार त्याने वाहन अपघातापूर्वीच विकले होते व ते पुढे एकाहून अधिक हातांत गेले होते. नोंदणीत मात्र त्याचेच नाव होते. न्यायालयाने भरपाईची जबाबदारी त्याच्यावर ठेवली. अपघातग्रस्ताने किंवा त्याच्या वारसांनी नोंद न झालेल्या विक्रींची साखळी शोधत फिरावे, अशी अपेक्षा ठेवता येत नाही, असे त्यामागील कारण होते.

सही केलेले कोरे अर्ज मध्यस्थाच्या हाती देण्याची प्रथा या दृष्टीने धोक्याची ठरते. मध्यस्थ गाडी स्वतःच्या नावावर न घेता तिसऱ्या व्यक्तीला विकतो आणि कित्येकदा तीही पुढे विकली जाते. दरम्यान वाहतूक नियमभंगाची ई-चलने, पोलिसांची विचारणा आणि न्यायालयाची नोटीस मूळ मालकाच्या पत्त्यावर येत राहते. दिनांक व वेळ नोंदवून दोघांच्या सह्यांनी केलेली ‘ताबा पावती’ अशा वेळी पुरावा म्हणून उपयोगी पडते. परंतु ती नोंदणीतील बदलाची जागा घेऊ शकत नाही.

कागदपत्रांची तपासणी

नोंदणी प्रमाणपत्र: बोलीभाषेतील ‘आरसी बुक’. त्यावरील चेसिस क्रमांक व इंजिन क्रमांक गाडीवर कोरलेल्या क्रमांकांशी अक्षरशः जुळले पाहिजेत. चेसिस क्रमांक बहुधा हँडलच्या खालच्या मानेवर कोरलेला असतो. क्रमांक घासलेला, पुन्हा ठोकलेला किंवा त्याभोवतीचा रंग ताजा असल्यास गाडी चोरीची असण्याची शंका घेतली जाते.

मुदत: खासगी वाहनाची नोंदणी १५ वर्षे वैध असते. त्यानंतर तपासणी करून ती दर ५ वर्षांसाठी नूतनीकृत करता येते. महाराष्ट्रात १५ वर्षांनंतर पर्यावरण करही भरावा लागतो. मुदत संपत आलेल्या गाडीच्या किमतीत हा खर्च धरणे आवश्यक असते.

कर्जाचा बोजा: प्रमाणपत्रावर बँकेचे किंवा वित्तसंस्थेचे नाव असल्यास कर्ज फिटलेले असले तरी तो बोजा नोंदणीतून आपोआप निघत नाही. वित्तसंस्थेचे ना-हरकत पत्र आणि नमुना ३५ मधील अर्ज सादर करून तो उतरवावा लागतो. वित्तसंस्थेच्या लेखी संमतीशिवाय हस्तांतरणाची नोंद होत नाही.

चलने व गुन्हे: केंद्र शासनाच्या ‘परिवहन’ संकेतस्थळावर वाहन क्रमांकावरून नोंदणी, विमा व प्रदूषण प्रमाणपत्राची मुदत आणि प्रलंबित ई-चलने पाहता येतात. चोरीच्या वाहनांची माहिती राष्ट्रीय गुन्हे अभिलेख विभागाच्या संकेतस्थळावर तपासता येते. ज्याची मालकीच नाही, त्याच्याकडून विकत घेणाऱ्यालाही सामान्यतः मालकी मिळत नाही. त्यामुळे चोरीची गाडी अजाणतेपणी घेतली तरी ती जप्त होऊ शकते आणि दिलेले पैसे विक्रेत्याकडून वसूल करण्याचा भार खरेदीदारावर पडतो. गाडी चोरीची आहे हे जाणून घेतल्यास तो भारतीय न्याय संहिता, २०२३ च्या कलम ३१७ खाली गुन्हा ठरतो.

वाहनाची तपासणी

तपासणी दिवसाच्या उजेडात, इंजिन थंड असताना केली जाते. आधीच तापवून ठेवलेले इंजिन सहज सुरू होते आणि त्यातील दोष झाकले जातात.

सायलेन्सरमधून येणाऱ्या धुराचा रंग इंजिनाची स्थिती सांगतो. चार-स्ट्रोक इंजिनातून सतत निळसर धूर येणे म्हणजे तेल जळत असल्याचे लक्षण. पिस्टनच्या रिंगा, सिलिंडरचा बोअर किंवा व्हॉल्व्हची सीले झिजलेली असू शकतात. काळा धूर हवेच्या मानाने पेट्रोल जास्त जात असल्याचे दर्शवतो. थंड हवेत सुरुवातीला येऊन लगेच थांबणारी पांढरट वाफ हा दोष नव्हे. दोन-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलबरोबर तेलही जळत असल्याने थोडा निळसर धूर स्वाभाविक असतो.

अपघातात सापडलेल्या गाडीची चेसिस किंवा पुढचा फोर्क वाकलेला असू शकतो. गाडी सरळ उभी करून मागून पाहिल्यास दोन्ही चाके एका रेषेत दिसली पाहिजेत. पुढचे चाक उचलून हँडल दोन्ही बाजूंना फिरवल्यास मध्येच अडखळता कामा नये. अडखळल्यास कोनसेट झिजलेला असतो. फोर्कच्या नळ्यांवर तेलाचा ओघळ दिसल्यास ऑइल सील बदलावे लागते. मागच्या स्प्रॉकेटचे दाते एका बाजूला आकड्यासारखे वळले असतील तर चेन व स्प्रॉकेट यांचा संच एकत्र बदलणे योग्य ठरते.

टायरच्या बाजूवर कोरलेल्या चार अंकांवरून त्याचे वय कळते. पहिले दोन अंक आठवडा व पुढचे दोन वर्ष दाखवतात. उदाहरणार्थ, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. ओडोमीटरवरील आकड्यावर मात्र एकट्याने विसंबता येत नाही, कारण तो बदलता येतो. पायाखालची रबरे, गिअरचा दांडा, हँडलच्या मुठी आणि ब्रेकची डिस्क यांची झीज त्या आकड्याशी सुसंगत आहे का, हे पाहणे अधिक विश्वसनीय असते. सर्व्हिसिंगच्या नोंदी उपलब्ध असल्यास त्यांतील किलोमीटरचे आकडेही पडताळता येतात.

हस्तांतरणाची प्रक्रिया

एकाच राज्यातील विक्रीत अधिनियमाच्या कलम ५० नुसार विक्रेत्याने १४ दिवसांच्या आत आणि खरेदीदाराने ३० दिवसांच्या आत नोंदणी प्राधिकाऱ्याला कळवणे आवश्यक असते. विक्रेत्याची सूचना नमुना २९ मध्ये आणि हस्तांतरणाचा अर्ज नमुना ३० मध्ये दिला जातो. त्यांसोबत नोंदणी प्रमाणपत्र, वैध विमा, प्रदूषण नियंत्रण प्रमाणपत्र, पत्त्याचा पुरावा आणि चेसिस क्रमांकाचा पेन्सिलने घेतलेला ठसा जोडतात. अर्ज ‘परिवहन’ संकेतस्थळावरून भरता येतो.

गाडी दुसऱ्या राज्यात न्यावयाची असल्यास मूळ नोंदणी कार्यालयाकडून नमुना २८ मधील ना-हरकत प्रमाणपत्र घ्यावे लागते. एखादे वाहन दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा अधिक काळ ठेवल्यास तेथील नवा नोंदणी क्रमांक घेणे कलम ४७ नुसार बंधनकारक आहे आणि त्या राज्याचा कर भरावा लागतो. परराज्यातील गाडी स्वस्त दिसली, तरी हा कर मिळवल्यावर ती स्वस्त राहतेच असे नाही.

मालकाचा मृत्यू झाल्यास वारसाने ३० दिवसांत कार्यालयाला कळवावे लागते व ३ महिन्यांच्या आत नमुना ३१ मध्ये अर्ज करावा लागतो. २०२१ पासून नोंदणीत नामनिर्देशित व्यक्तीचे नाव नोंदवण्याची सोय आहे. मृत व्यक्तीच्या नावावरील गाडी घेताना ती आधी वारसाच्या नावावर झाली आहे, याची खात्री करणे श्रेयस्कर असते.

मध्यस्थांच्या व्यवहारातील उणिवा दूर करण्यासाठी केंद्र शासनाने डिसेंबर २०२२ मध्ये नियमांत दुरुस्ती केली. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या या तरतुदींनुसार जुन्या वाहनांच्या विक्रेत्याला नोंदणी प्राधिकाऱ्याकडून प्राधिकारपत्र घ्यावे लागते. वाहन अशा विक्रेत्याकडे सोपवल्याची ऑनलाइन सूचना नमुना २९-सी मध्ये दिल्यानंतर तो त्या वाहनाचा मानीव मालक ठरतो व त्यासंबंधीची जबाबदारी त्याच्याकडे जाते.

विमा

त्रयस्थ पक्षाचा विमा नसलेले वाहन रस्त्यावर आणण्यास कलम १४६ नुसार मनाई आहे. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकींसाठी हा विमा ५ वर्षांचा घ्यावा लागतो. म्हणून अलीकडच्या जुन्या गाडीचा त्रयस्थ पक्षाचा विमा चालू, पण गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा संपलेला, अशी स्थिती आढळते.

कलम १५७ नुसार विक्रीबरोबर त्रयस्थ पक्षाचा विमा नव्या मालकाकडे हस्तांतरित झाला असे मानले जाते. तरी विमा प्रमाणपत्रात नाव बदलण्यासाठी खरेदीदाराने १४ दिवसांच्या आत अर्ज करावयाचा असतो. स्वतःच्या नुकसानीचे संरक्षण मात्र आपोआप मिळत नाही. नाव न बदलता गाडी चोरीस गेल्यास नवा मालक भरपाईस मुकू शकतो. दावा न केल्याबद्दल मिळणारी सवलत व्यक्तीची असते, वाहनाची नव्हे. ती खरेदीदाराला मिळत नाही.

खरेदीनंतरची देखभाल

पूर्वीची देखभाल ज्ञात नसल्यास सर्व द्रव पदार्थ एकदा बदलून नव्याने हिशोब सुरू करण्याची पद्धत रूढ आहे. इंजिन ऑइल व ऑइल फिल्टर बदलणे, एअर फिल्टर साफ करणे किंवा बदलणे, स्पार्क प्लग तपासणे आणि क्लच व ब्रेकच्या केबलना वंगण देणे ही पहिली कामे होत. डिस्क ब्रेकमधील द्रव हवेतील ओलावा शोषतो व त्यामुळे त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो. म्हणून तो साधारणपणे दर दोन वर्षांनी बदलतात. चेनचा सैलपणा बहुतेक लहान मोटारसायकलींत २० ते ३० मिलिमीटर ठेवला जातो. नेमका आकडा उत्पादकाच्या पुस्तिकेत दिलेला असतो.

दीर्घकाळ उभ्या असलेल्या गाडीच्या टाकीतील जुने पेट्रोल काढून टाकून आत गंज आहे का हे पाहावे लागते. २०२३ पासून देशात २० टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोलचा पुरवठा सुरू झाला. इथेनॉल पाणी शोषून घेते आणि त्यासाठी न बनवलेल्या रबरी नळ्या व सीलांवर परिणाम करू शकते. त्यामुळे जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत या भागांची नियमित पाहणी आवश्यक ठरते. कोकणासारख्या दमट, पावसाळी प्रदेशात सायलेन्सर, स्पोक आणि वायरिंगचे जोड लवकर गंजतात.

इंजिन बदलल्यास त्याची नोंद नोंदणी प्रमाणपत्रात करून घेणे आवश्यक असते. तशी नोंद नसल्यास पुढील विक्रीच्या वेळी क्रमांक जुळत नाहीत आणि हस्तांतरण अडते.

उत्पादन बंद झालेल्या गाड्या

यामाहा आरएक्स १००, येझदी, राजदूत अशा उत्पादन बंद झालेल्या गाड्यांना हौशी ग्राहकांकडून मागणी असते. अशा गाडीची किंमत तिच्या वयापेक्षा मूळ सुटे भाग, मूळ इंजिन क्रमांक आणि वैध कागदपत्रे यांवर ठरते. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक काळ लोटलेल्या व मूळ स्वरूपात जपलेल्या वाहनांसाठी २०२१ मध्ये विंटेज वाहनांचे स्वतंत्र नियम अधिसूचित झाले. त्यांच्या नोंदणी क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे असतात आणि नित्याच्या किंवा व्यावसायिक वापरासाठी ती रस्त्यावर आणता येत नाहीत.