एक लाख तीन हजार मतांचा हिशेब

निफाड तालुक्यात गोदाकाठच्या सायखेड्यात पिंपळगाव बाजार समितीचा उपबाजार आहे. २०२४च्या उन्हाळ्यात तिथे कांद्याशिवाय दुसरा विषय असणं अवघडच होतं. डिसेंबरात लागलेली निर्यातबंदी ४ मे रोजी उठली आणि २० मे रोजी इथलं, म्हणजे दिंडोरी लोकसभेचं, मतदान झालं. निकाल लागला तो असा: शरद पवारांच्या पक्षाचे भास्कर भगरे सर ५,७७,३३९ मतं, भाजपच्या डॉ. भारती पवार ४,६४,१४०. तिसऱ्या क्रमांकावर मात्र एक अपक्ष होते, बाबू भगरे, आणि त्यांची मतं १,०३,६३२.

आडनाव एकच. भास्कररावांचं चिन्ह ‘तुतारी वाजवणारा माणूस’, बाबूंचं ट्रम्पेट, ज्याचं मराठी नावही तेव्हा ‘तुतारी’ होतं. यंत्रावर उमेदवाराचा फोटो असतो. नामसाधर्म्याचा गोंधळ टळावा म्हणूनच निवडणूक आयोगाने तो २०१५ साली आणला. पण आपली सवय चिन्हाची आहे. १९५१-५२च्या पहिल्या निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी होती आणि पेटीवर त्याचं चिन्ह चिकटवलेलं होतं. ज्याला अक्षर वाचता येत नव्हतं, त्याने चित्रावर विश्वास ठेवून मत टाकलं. तो विश्वास आजही लोकशाहीचं मोठं भांडवल आहे.

मग या लाखभर मतांपैकी चुकून पडलेली किती? मत गुप्त असतं, मतदाराला विचारून खात्री होत नाही. इथेच संख्याशास्त्राचा वाद सुरू होतो.

अमेरिकेत हा वाद २०००च्या अध्यक्षीय निवडणुकीत गाजला. फ्लोरिडातल्या पाम बीच काउंटीत दोन पानी मतपत्रिकेची मांडणी विचित्र होती; तिथे पॅट ब्यूकॅनन यांना ३,४०७ मतं पडली आणि बुश यांनी ते राज्य अवघ्या ५३७ मतांनी जिंकलं. संशोधक जोनाथन वँड आणि सहकाऱ्यांनी त्याच काउंटीतली टपाली मतं तपासली, कारण टपाली मतपत्रिकेची मांडणी वेगळी होती. टपालात ब्यूकॅनन यांचा वाटा नेहमीएवढाच निघाला. दोन हजारांहून जास्त मतं चुकीची, असा त्यांचा निष्कर्ष होता.

 दिंडोरीच्या तुलनेला सातारा आहे. तिथे ‘तुतारी वाजवणारा माणूस’ घेऊन शशिकांत शिंदे उभे होते, आणि तुतारीवाल्या अपक्षाचं आडनाव होतं गाडे. शिंदेंना ५,३८,३६३, गाडेंना ३७,०६२. म्हणजे पक्षाच्या शंभर मतांमागे साताऱ्यात सात, दिंडोरीत अठरा. चिन्ह दोन्हीकडे तेच; नाव जुळलं तिथे आकडा अडीचपटीहून मोठा. एवढ्यावरून सगळा फरक आडनावाचाच असं मात्र म्हणता येणार नाही. दोन मतदारसंघ वेगळे आहेत, बाबूंची स्वतःची मतंही असणारच आणि त्या मतदारांचा मान राखायलाच हवा. साताऱ्यात शिंदे ३२,७७१ मतांनी, म्हणजे गाडेंच्या मतांपेक्षा कमी फरकाने, हरले, हेही विसरता येत नाही.

केंद्रनिहाय आकडे जास्त बोलके असतात. प्रत्येक केंद्रावर दोन तुतारींचं प्रमाण जवळपास सारखं निघालं, तर गोंधळाची शक्यता वाढते. मतं एखाद्या पट्ट्यातच एकवटली, तर तो उमेदवाराचा स्वतःचा आधार. तरीही गावाच्या आकड्यावरून माणसाचं मन ठरवता येत नाही, हा संशोधक डब्ल्यू. एस. रॉबिन्सन यांनी १९५० साली दिलेला इशारा ध्यानात ठेवावा लागतो.

केंद्रनिहाय मतं निकालाच्या नमुना २० मध्ये नोंदलेली असतात. निफाड तालुक्यातल्या महाविद्यालयांनी सायखेड्याच्या केंद्रांपासून हा हिशेब मांडायला घ्यावा.