बाळकुम ते नैरोबी : मध्यम लहरींचा प्रवास

२३ जुलै १९२७ रोजीं लॉर्ड आयर्विन यांच्या हस्तें मुंबईच्या ध्वनिक्षेपण केंद्राचें उद्घाटन झालें. इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचें हें केंद्र मध्यम लहरींवर चाले. त्याची शक्ति अवघी दीड किलोवॉट, आणि खात्रीची मजल सुमारें ४८ किलोमीटर. ठाण्याच्या उत्तरेस खाडीजवळ वसलेलें बाळकुम मुंबईपासून सरळ रेषेंत पस्तीसएक किलोमीटरांवर असल्यानें या वर्तुळांत येई. पुणें मात्र बाहेर राहिलें.

परंतु वर्तुळांत असणें निराळें आणि गाणें कानीं पडणें निराळें. यंत्रें परदेशी व महाग. वर परवान्याचे वर्षाला दहा रुपये. १९२९ अखेर साऱ्या देशांतील परवाने आठ हजारांच्या आंतच होते. एवढ्या उत्पन्नावर कंपनी तगली नाहीं. मार्च १९३० मध्यें तिचें दिवाळें वाजलें व एप्रिलपासून कारभार सरकारकडे गेला.

जी मजल दिवसां इतकी तोकडी, ती रात्रीं कित्येक पटींनीं वाढते. याचें कारण आकाशांत आहे. १९०१ सालीं मार्कोनींनीं अटलांटिकपार संदेश धाडला, तेव्हां पृथ्वीच्या गोलाईवरून लहरी वळल्या कशा, असा प्रश्न पडला. १९०२ सालीं इंग्लंडांत हेवीसाइड व अमेरिकेंत आर्थर केनेली यांनीं स्वतंत्रपणें एकच उत्तर सुचविलें : वातावरणांत उंचावर विद्युद्भारित थर असून लहरी त्यावरून परततात. या केनेलींचा जन्म १८६१ सालीं मुंबईंतच, कुलाब्यास झाला होता. १९२४ सालीं ॲपल्टन यांनीं प्रयोगानें तो थर सिद्ध केला, आणि १९४७ सालीं त्यांना नोबेल पारितोषिक मिळालें.

दिवसां सूर्यप्रकाशानें त्याखालीं आणखी एक थर तयार होतो व तो मध्यम लहरी गिळून टाकतो. सूर्य मावळतांच तो विरतो आणि वरच्या थराची वाट मोकळी होते. मुंबई व नैरोबी यांमध्यें सुमारें ४,५०० किलोमीटरांचें अंतर; त्यांतील बराचसा मार्ग अरबी समुद्रावरून. मुंबईंत रात्रींचे नऊ वाजतात तेव्हां नैरोबींत साडेसहा होऊन सूर्यास्त होतो. तेथपासून मुंबईच्या सूर्योदयापर्यंत साऱ्या वाटेवर अंधार असतो. आफ्रिकेंतील दूरचें केंद्र शोधणाऱ्यास हाच अवकाश.

नैरोबीस ध्वनिक्षेपण १९२८ सालीं सुरू झालें, तें मुख्यतः गोऱ्या वसाहतवाल्यांसाठीं. १८९६ ते १९०१ या काळांत मोंबासाहून निघालेला तिकडील लोहमार्ग बांधण्यास तीस हजारांहून अधिक हिंदुस्थानी मजूर गेले होते. त्यांच्यापैकीं जे तेथेंच स्थायिक झाले, त्यांच्या घरांतील भाषांना त्या आरंभींच्या कार्यक्रमांत मानाचें स्थान नव्हतें. लहरी रंगभेद जाणत नसत. कार्यक्रम ठरविणारे जाणत.

आज बाळकुमांत उंच इमारती उभ्या आहेत. युरोपांतील अनेक मध्यम लहरी केंद्रें बंद पडल्यानें आकाशांतील गर्दी ओसरली आहे. उलट घरोघरच्या विजेच्या दिव्यांनीं व चार्जरांनीं खरखर वाढविली आहे. चार हजार किलोमीटर ओलांडून आलेला क्षीण आवाज शेवटीं शेजारच्या खोलींतील यंत्रापाशीं हरतो. दिवे व चार्जर बंद करून मध्यरात्रीं कान देणाऱ्यास मात्र तो अजूनही गांठतां येतो.