पोटावरच्या पिशवीची गोष्ट

आतड्यांवरच्या शस्त्रक्रियांचा इतिहास सांगताना आपण बहुतेक वेळा सर्जनपाशी सुरुवात करतो आणि तिथेच संपवतो. आज आपण टाके निघाल्यानंतरचं बघू. पेशंट घरी आला, पुढे काय?

आतड्याचा रोगट भाग काढला की कधीकधी उरलेल्या आतड्याचं तोंड पोटावर उघडून ठेवावं लागतं. हा स्टोमा. तिथे रोखून धरणारा स्नायू नसतो, त्यामुळे मल केव्हा बाहेर येईल ते आपल्या हातात राहत नाही. १७९३ साली फ्रान्समधल्या ब्रेस्त गावी द्युरे या सर्जननं गुदद्वाराशिवाय जन्मलेल्या बाळावर अशी शस्त्रक्रिया केली. ते बाळ पुढे पंचेचाळीस वर्षं जगलं! पण ती वर्षं त्यानं कशी काढली, याबद्दल वैद्यकाच्या इतिहासात फारसं कोणी विचारत नाही.

लहान आतड्याचा स्टोमा तर आणखी त्रासाचा. त्यातून पाचक रस येतात आणि सभोवतालची कातडी अक्षरशः सोलून निघते. १९५२ मध्ये बर्मिंगहॅमच्या ब्रायन ब्रुक यांनी साधी युक्ती छापली: शर्टाची बाही दुमडावी तसं आतड्याचं टोक उलटं दुमडून कातडीला शिवायचं. तोंड थोडं वर राहतं, आणि मल थेट पिशवीत पडतो.

पण पिशवी कुठली? तेव्हा मिळत त्या जड रबरी पिशव्या आणि पट्टे. डेन्मार्कमध्ये थोरा नावाच्या तरुणीला स्टोमा झाला आणि गळतीच्या भीतीनं तिनं घराबाहेर पडणंच सोडलं. तिची बहीण एलिझ सोरेनसेन नर्स होती. १९५४ मध्ये तिला सुचलं, पातळ प्लास्टिकची पिशवी, तोंडाशी चिकटपट्टीचं कडं, वापरून टाकून द्यायची. प्लास्टिकच्या पिशव्या बनवणाऱ्या लुई-हान्सेन यांनी आधी नकारच दिला. त्यांची बायकोही नर्स. तिला गोष्ट कळली, आणि पिशव्या तयार झाल्या. आपल्याला यात नवल वाटत नाही. ज्यांनी जखमा धुतल्या, त्यांनाच गरज दिसली.

अमेरिकेत क्लीव्हलँडच्या रुपर्ट टर्नबुल यांनी कातडी वाचवायला कराया गोंदाची पूड वापरली. हा गोंद, बरं का, मुख्यतः भारतातून जायचा. आपल्या डोंगरांवर पांढऱ्या खोडाचा कांडोळ दिसतो ना, त्याचाच हा डिंक!

याच टर्नबुलनी १९५८ मध्ये नॉर्मा गिल यांना रुग्णालयात कामावर घेतलं. त्या ना डॉक्टर, ना नर्स, त्यांच्याच पेशंट. स्वतःच्या पोटावर पिशवी असलेली बाई नव्या पेशंटच्या खाटेशी बसून सांगायची: कशी लावायची, कधी बदलायची, साडी म्हणा, स्कर्ट म्हणा, कपडे कसे घालायचे. यातूनच स्टोमाची काळजी घेणाऱ्यांचं रीतसर प्रशिक्षण सुरू झालं. आज परळला टाटा मेमोरियलमध्ये स्टोमा क्लिनिक आहे. तिथे पिशवी लावायला शिकवतात तेव्हा बरोबर आलेल्या घरच्या माणसालाही जवळ बोलावून घेतात.