स्कार्लेट टाउन

स्कार्लेट टाउन : ‘बार्बरा ॲलन’ या इंग्रजी-स्कॉटिश कथागीताच्या आरंभी येणारे, नकाशावर न सापडणारे गाव. मरणाला टेकलेला तरुण (अनेक पाठांत स्वीट विल्यम) बार्बराला बोलावणे धाडतो. ती सावकाश येते, कोरडेपणाने दोन शब्द बोलते. तो गेल्यावर मात्र झुरून मरते. फ्रान्सिस जेम्स चाइल्ड यांच्या कथागीतसंग्रहात (१८८२–९८) याचा क्रमांक ८४ आहे. हे गीत एका नटीच्या तोंडून ऐकल्याचे सॅम्युएल पीप्सने २ जानेवारी १६६६ च्या रोजनिशीत नोंदवले असून त्याने त्याला ‘स्कॉच’ म्हटले आहे.

गावाचे नाव सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात रस्त्यावर विकल्या जाणाऱ्या एकपानी छापील गीतात दिसते. तिथे निवेदक या गावी ‘बाउंड’ आहे, म्हणजे एक तर तिकडे निघालेला किंवा उमेदवारीच्या कराराने तिथे बांधलेला. बिशप पर्सीच्या १७६५ च्या संग्रहात त्याचे ‘बॉर्न’ झाले आणि वाटसरू त्याच गावात जन्मलेला ठरला. एका शब्दाच्या फरकाने गाव परके की घरचे, हेच बदलते.

स्कार्लेट म्हणजे ‘स्कॉटलंड’चा अपभ्रंश, असे एक अनुमान आहे आणि काही गायक तसे गातातही. ते फारसे पटत नाही. ॲलन रॅम्झीच्या संग्रहातल्या १७४० च्या स्कॉटिश पाठात गावाचे नावच नाही. मार्टिनमस या सणाचे दिवस आणि पश्चिमेकडचा सर जॉन ग्रेम एवढीच खूण आहे. घरच्या गाण्यात देशाचे नाव सांगायचे कुणाला?

दुसरे अनुमान अधिक मोहक आहे : ही बर्कशरमधील रेडिंग या गावावर केलेली कोटी. इंग्रजी अक्षरांत हे नाव ‘वाचन’ या शब्दासारखे दिसते, त्यामुळे कोटी डोळ्यांना सापडत नाही. देवनागरीत लिहिले की त्यातला ‘रेड’ लगेच ऐकू येतो. स्कार्लेट हे मुळात रंगाचे नव्हे, तर भारी लोकरी कापडाचे नाव, आणि रेडिंगची जुनी ओळख कापडाच्या धंद्याची. टॉमस डेलोनीच्या ‘टॉमस ऑफ रेडिंग’ या कथेचा नायकही कापडवालाच. काही इंग्रजी पाठांत रेडिंग हे नाव उघडपणे येते. पण हा पुरावा दुधारी आहे. कोटीमागचे मूळ गाव तिथे टिकले असेल, किंवा न कळलेल्या नावाचा उलगडा एखाद्या हुशार मुद्रकाने परस्पर केला असेल.

अटलांटिक ओलांडल्यावर कान आणखी मोकळे झाले. अमेरिकेत ‘स्कार्लेट’चे ‘शार्लट’ झाले. कुठे लंडन आले, कुठे डब्लिन. जात्यावरची ओवी नव्या सासरी गेली की तिच्यात त्या गावाचे नाव बसते, तसेच हे. तरीही बऱ्याच गायकांनी अर्थ न लागलेले नाव जसेच्या तसे ठेवले. भोंडल्यातही असे कितीतरी शब्द पिढ्यान्‌पिढ्या टिकून आहेत. त्यांचा अर्थ विचारत बसले, तर फेर थांबेल.

गिलियन वेल्च (२०११) आणि बॉब डिलन (२०१२) या दोघांनी ‘स्कार्लेट टाउन’ याच नावाने नवी गीते रचली. डिलनच्या गीतात स्वीट विल्यम मरणशय्येवर आहे; शेजारी मात्र मेरी आहे, बार्बरा नाही.