सळईच्या आधीचं जालना

जालना म्हटलं की आज दोन गोष्टी आठवतात, बियाणं आणि सळई. पण सळईच्या आधी इथली घरं कशावर उभी होती? परसात दोन-दोन पावसाळे वाळत पडलेल्या लाकडावर. जालन्याच्या इतिहासात निजाम येतो, रेल्वे येते, बाजारपेठ येते. ही लाकडाची थप्पी कुठंच येत नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

आपल्या जिल्ह्यात जंगल नावापुरतंच. भोकरदन-जाफराबादकडे अजिंठ्याच्या डोंगराचे फाटे येतात, तेवढंच. सागवान ज्याला परवडायचं त्याच्या वाड्यात. बाकीच्यांचं माळवद बांधावरच्या बाभळीचं नाहीतर लिंबाचं. नव्या पोरांसाठी सांगतो: माळवद म्हणजे लाकडी खांब, त्यावर तुळई, तुळईवर सर, सरांवर दाट काठ्या-फळ्या आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर. सगळा भार लाकडावर.

म्हणून लाकूड कच्चं चालायचं नाही. झाड तोडायचं दिवाळीनंतर आणि अंधाऱ्या पक्षात. अंधाऱ्या पक्षाचं मला काही पटलेलं नाही, पण हंगामाचं शंभर टक्के पटतं. वैशाखात तोडलेल्या ओंडक्याचा वरचा थर भराभर वाळून आखडतो, आत ओल तशीच राहते, आणि लाकूड चिरतं. बाभळीचे ओंडके तर आधी काही महिने डोहात नाहीतर विहिरीत बुडवून ठेवायचे. ऐकायला उलटं वाटतं ना, वाळवायचं म्हणून भिजवायचं? पण पाण्यात लाकडातलं पिठूळ सत्त्व निघून जातं, आणि पोखरणाऱ्या भुंग्याला तेच हवं असतं.

मग भिंतीच्या सावलीला, दगडांवर थप्पी. जमिनीला टेकली की वाळवी लागलीच समजा. दोन फळ्यांच्या मध्ये सारख्या जाडीच्या चिपा, त्याही बरोबर एकाखाली एक, नाहीतर फळी वाकते. टोकांना शेणमातीचा लेप, कारण लाकूड टोकाकडून लवकर पाणी सोडतं आणि तिथंच फाटतं. पावसाळ्यात वरून तुराट्या. कोरड्या वजनाच्या साधारण तीस टक्क्यांपर्यंत ओल उतरेतो लाकूड आकार बदलत नाही, त्याखाली गेली की आखडतं. हे आखडणं घरात बसवण्याआधी परसात उरकून घ्यायचं, एवढंच त्यातलं शास्त्र. नीट वाळलेलं आणि कोरडं राहिलेलं लाकूड किती टिकतं? कार्ल्याच्या चैत्यगृहात छताच्या लाकडी कमानी जाऊन बघा. सुमारे दोन हजार वर्षं झाली.

मग ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आली. किल्लारीच्या भूकंपात सुमारे आठ हजार माणसं गेली, बहुतेक दगडमातीच्या भिंतींखाली आणि माळवदाच्या मातीखाली. जालना तिथून लांब, पण माळवदाची भीती अख्ख्या मराठवाड्यात पसरली आणि ती खोटी नव्हती. फक्त दोष लाकडाच्या माथी मारला गेला, ते चूक. नंतर पाहणी करणाऱ्या अभियंत्यांना बऱ्याच घरांत भिंती ढासळूनही लाकडी सांगाडा उभा दिसला. माणसं मारली ती मातीच्या ओझ्यानं आणि एकमेकींना न बांधलेल्या दगडी भिंतींनी.

पुढं स्लॅब आला, सळई आली. चांगलंच झालं, मी काही माळवद परत आणा म्हणत नाही. पण घरकुलाचा हिशेब बघा. आवास योजनेत मैदानी भागात १ लाख २० हजार, तेही काम जसं सरकेल तसे हप्त्यानं. पुढचा हप्ता कामावर अडलेला असताना लाकूड दोन पावसाळे वाळवत कोण बसेल? मग आरागिरणीतून ओली बाभूळ यायची, तिचीच चौकट व्हायची, आणि उन्हाळ्यात दाराला बोटभर फट पडली की शिव्या सुताराला.

खरी चीड याची येते की त्याच गावात त्याच वर्षी उतरवलेल्या माळवदाचे सर सरपणाच्या भावानं जातात. दोन-तीन पिढ्या छपराखाली वाळलेलं लाकूड! घरातलं माळवद उतरवणार असाल तर ट्रॅक्टर बोलावण्याआधी खिळे काढून सर दगडांवर रचा, वर पत्रा टाका, आणि गावात जुना सुतार उरला असेल तर त्याला दाखवा. तो आधी बोटानं वाजवून बघेल. ओलं किंवा कुजलेलं लाकूड बद्द वाजतं, वाळलेलं खणखणीत.